डूमचं चित्र काढून घेताय, तर चित्रकाराच्या हक्काचंही बोला

मार्व्हल ह्या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा मुखवटेवाला खलनायक डॉक्टर डूम, त्याचं नवीन कमिशन, म्हणजे पैसे देऊन चित्रकाराकडून खास काढून घेतलेलं चित्र, कुणी लोकांपुढे ठेवलं की पहिल्या तासाभरात जे काही होतं ते बघायला मला मनापासून आवडतं. कुणी म्हणतं काय तो झगा काढलाय, कुणी म्हणतं नुसते डोळे बघा, कुणी एखादं जुनं कव्हर आठवून सांगतं की ही पोज तिथून घेतलीये, कुणी शाईच्या रेषा झूम करून बघत बसतं, आणि ज्याने पैसे साठवून, महिनोनमहिने वाट बघून ते चित्र काढून घेतलेलं असतं त्याचा आनंद तर शब्दाशब्दातून कळतो. ह्या कौतुकात खोटं काहीही नसतं. पण एक प्रश्न मात्र तिथे जवळपास कधीच निघत नाही आणि तो निघायला पाहिजे असं मला फार वाटतं, तो म्हणजे हे चित्र काढून विकायचा त्या चित्रकाराला हक्क आहे का?

कायद्याने बघायला गेलं तर उत्तर गैरसोयीचं आहे. डूम मार्व्हलचा, मार्व्हल २००९ पासून डिस्नीची, आणि कॉमिक कॉनमधे, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेत, चित्रकार ज्या टेबलावर बसून डूम काढून विकतो ते टेबल कंपनीने काणाडोळा केलाय म्हणून चालू आहे. भले त्या माणसाने आयुष्याची दहा वर्षं त्याच कंपनीसाठी तोच डूम काढण्यात घालवली असतील, त्याने काही फरक पडत नाही. माझं म्हणणं असं आहे की ज्यांनी ही पात्रं घडवली आणि ज्यांनी ती वर्षानुवर्षं काढली त्यांना हाताने काढलेलं एकेकटं मूळ चित्र विकायचा हक्क कंपनीने लेखी द्यायला हवा, आणि तो मागण्यात आपण चाहत्यांनी पुढे असायला हवं कारण शेवटी ती चित्रं आपल्याच भिंतींवर लागलेली आहेत.

आधी डूमबद्दल बोलू, कारण कमिशनच्या जगात त्याचं स्थान वेगळं आहे. तो पहिल्यांदा दिसला जुलै १९६२ च्या, फँटॅस्टिक फोर ह्या मालिकेच्या पाचव्या अंकात, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी ह्या जोडीचा, आणि त्या अंकातल्या कर्बीच्या पेन्सिलवर शाई केली होती जो सिनॉटने (कॉमिक्समधे पेन्सिलने काढतो तो पेन्सिलर, त्यावर शाईने पक्कं करतो तो इंकर). पोलादी चिलखत, वरून हिरवा अंगरखा, हिरवा झगा आणि डोक्यावर टोपडं, गळ्याशी सोन्याच्या दोन चकत्या, कमरेला पिस्तूल. आणि तो मुखवटा, रिव्हेट ठोकलेला, तोंडाच्या जागी जाळी आणि डोळ्यांना दोन चौकोनी फटी. म्हणजे चित्रकाराच्या हातातून चेहराच काढून घेतलाय. भुवई वर करता येत नाही, ओठ मुडपता येत नाही, राग, अपमान, गर्व, आईच्या आठवणीने तुटणं, हे सगळं त्या दोन फटींमधून आणि हातांमधून दाखवायचं. म्हणून डूमचे हात बघत जा. चांगल्या चित्रकाराच्या डूमची बोटं कधी सैल पडलेली नसतात, एक तर मूठ वळलेली असते नाहीतर तळवा वर करून बोटं अशी वाकवलेली असतात की जणू समोरच्याचा गळा त्यात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ह्या एकाच माणसात दोन अगदी उलट गोष्टी काढाव्या लागतात, पोलाद आणि कापड. पोलादाला कडक कडा, मधे कोरा पांढरा उजेड आणि त्याला लागून एकदम काळा भाग पाहिजे, तर झग्याला वजन पाहिजे, खांद्यावरून तो कुठे दुमडतो आणि जमिनीवर कसा पडतो हे पटलं पाहिजे. जॉन बर्नचा डूम बघा, ऐंशीच्या दशकात त्याने फँटॅस्टिक फोर लिहिलं आणि काढलं तेव्हाचा, राजासारखा ताठ, सिंहासनात बसला तरी पाठ टेकत नाही. माइक झेकचा जुन्या सीक्रेट वॉर्स मालिकेतला वेगळा, फाटलेला, जखमी, तरी उभा. माइक मिग्नोलाने १९८९ साली डॉक्टर स्ट्रेंजबरोबर नरकात उतरणारा डूम काढला त्यात निम्मा तर काळोखच आहे. आणि २०१५ च्या, त्याच नावाच्या नव्या सीक्रेट वॉर्समधला एसाद रिबिचचा डूम पांढऱ्या कपड्यांत, देव होऊन बसलेला. पात्र एकच, कपडे जवळपास तेच, चेहरा तर नाहीच, तरी लांबून बघून सांगता येतं हा कुणाचा. म्हणूनच एखाद्या आवडत्या चित्रकाराकडून काहीतरी काढून घ्यायचं असेल तर इतके लोक डूम मागतात, कारण डूममधे चित्रकाराला लपायला जागा नाही.

मुखवट्याच्या आत काय आहे ह्यावरही चित्रकारांचंच म्हणणं चाललंय. कर्बीचा विचार असा सांगतात की आत फार काही झालेलंच नाही, एक लहानसा व्रण आहे, पण ह्या माणसाला स्वतःत एवढीशी खोटसुद्धा सहन होत नाही म्हणून त्याने जगापासून चेहरा लपवला. बर्नने पुढे लहान व्रण आणि पुरता गेलेला चेहरा ह्या दोन्ही बाजू जुळवल्या, स्फोटात लहान व्रण पडला, आणि मग डूमने मुखवटा पुरता थंड व्हायची वाटही न बघता तो तोंडावर चढवला आणि चेहरा खरोखर गेला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पात्र घडतं ते असं. कंपनीच्या ऑफिसात बसून कुणी डूम पूर्ण करून ठेवला नव्हता, एकाने पेन्सिलने सुरू केला, दुसऱ्याने शाईने पक्का केला, तिसऱ्याने वीस वर्षांनी त्याच्या गर्वाचा अर्थ लावला. आणि ह्यातल्या बहुतेकांना तेव्हा मिळत होता फक्त पानामागे ठरलेला दर.

पानाचा दर म्हणजे काय तर पान दिलं, पैसे घेतले, विषय संपला. साठच्या आणि सत्तरच्या दशकात मार्व्हलच्या चेकच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर असायचा की ह्यावर सही करून चेक वटवलात तर कामाचे सगळे हक्क कंपनीला दिलेत. म्हणजे घरभाडं भरायला बँकेत चेक घेऊन जायचं आणि तिथे काउंटरवर उभं राहून मागे जी सही करायची त्या सहीने पात्र हातातून जायचं! वेगळं कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वेळा नसायचंच. विक्रीवर थोडे पैसे देणाऱ्या योजना मार्व्हल आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी दोघांनी आणल्या त्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तोवर कर्बीचं मार्व्हलमधलं काम कधीच संपलं होतं. त्याने फँटॅस्टिक फोरचे सलग १०२ अंक काढले होते.

आणि कागद? ज्या कागदावर पेन्सिल चालली, शाई चालली, तो मूळ कागदसुद्धा कंपनी स्वतःकडे ठेवायची. सत्तरच्या दशकात पानं परत द्यायला सुरुवात झाली ती नव्या कामाची, जुनी गोदामात पडून होती आणि त्यातली कित्येक तिथून गायब होऊन बाजारात विकली जात होती. १९८४ मधे मार्व्हलने जुनी पानं परत द्यायची ठरवली तेव्हा बाकीच्या चित्रकारांना एक पानी कागद सही करायला दिला आणि कर्बीला चार पानी, त्यात अटींवर अटी, आणि बदल्यात सांगितली ८८ पानं, हजारो पानं काढलेल्या माणसाला. त्याने सही केली नाही. मग चित्रकार उभे राहिले, लेखक उभे राहिले, वाचक उभे राहिले, जाहीर पत्रकं निघाली, सह्या गोळा झाल्या, आणि शेवटी १९८७ मधे त्याला दोनेक हजार पानं मिळाली. तीसुद्धा सगळी नाहीत, पण मिळाली ती गाजावाजा झाला म्हणून. हे आजच्या चाहत्यांनी नीट लक्षात घ्यावं. कोर्टाने काही दिलं नव्हतं, लोकांनी लाज वाटायला लावली म्हणून ते झालं.

कोर्टात काय होतं ते पुढे कर्बीच्या मुलांनी अनुभवलं. कर्बी १९९४ मधे गेला. २००९ मधे मुलांनी हक्क परत घ्यायच्या नोटिसा दिल्या, २०११ मधे कोर्टाने आणि २०१३ मधे वरच्या कोर्टाने सांगितलं की ते काम कंपनीसाठी केलेलं काम होतं, सबब मालक कंपनीच. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दारात असताना सप्टेंबर २०१४ मधे तडजोड झाली, आणि त्यानंतर कर्बीचं नाव अंकांवर, सिनेमांवर नीट दिसायला लागलं.

आता कमिशनकडे येतो, कारण ह्या सगळ्याच्या पार्श्वभूमीवरच ते समजतं. अमेरिकेत कुठल्याही कॉमिक कॉनला जा, सॅन डिएगोची तर १९७० पासून चालू आहे, तिथे आर्टिस्ट ॲली नावाचा भाग असतो. लांबच लांब टेबलं, प्रत्येकामागे एकेक चित्रकार, समोर दरपत्रक. सकाळी दार उघडल्या उघडल्या यादी भरते. नुसतं डोकं मार्करने, ते तिथल्या तिथे. अख्खी आकृती, पार्श्वभूमीसकट, ११ बाय १७ इंचाच्या ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे चित्रकामाच्या जाड कागदावर, ती घरी जाऊन काढून पोस्टाने पाठवणार. जुन्या कव्हरचं पुन्हा रेखाटन, ते सगळ्यात महाग. काही इंकर तर असं करतात की मेलेल्या पेन्सिलरच्या पेन्सिलची निळी प्रिंट बोर्डवर काढतात आणि त्यावर खरी शाई करून देतात. पैसे थेट हातात. मधे संपादक नाही, कंपनी नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. ज्याला सत्तरीत महिन्याचा अंक काढायचं काम कुणी देत नाही, ज्याला पेन्शन नाही आणि अमेरिकेतला फ्रीलान्सर म्हणून हेल्थ इन्शुरन्सची कायम ओढाताण आहे, त्याच्यासाठी ही टेबलंच म्हातारपणाची सोय आहे. हीरो इनिशिएटिव्ह नावाची संस्था २००० सालापासून अशाच अडचणीतल्या कॉमिक्सवाल्यांना घरभाड्याला, औषधपाण्याला मदत करते, आणि तिचाही पैसा बऱ्यापैकी चित्रकारांनी काढून दिलेल्या चित्रांच्या लिलावातून उभा राहतो. हजारो कोटींचा धंदा करणाऱ्या पात्रांच्या चित्रकारांना औषधाला पैसे लागतात आणि ते चित्रकारच एकमेकांसाठी चित्रं काढून गोळा करतात, हे मला वाचताना दर वेळी टोचतं.

मग कुणी म्हणेल, चालू आहे ना सगळं, कंपनी काही बोलत नाही, कशाला उकरून काढायचं? तर ह्याला उत्तर आहे गॅरी फ्रेडरिकचं प्रकरण. १९७२ साली मार्व्हलचा घोस्ट रायडर पहिल्यांदा आला तो ज्यांनी लिहिला ते हे गृहस्थ. पात्रावर सिनेमा आला, त्यांनी २००७ मधे मार्व्हलवर दावा लावला, २०११ च्या शेवटी खालच्या कोर्टात हरले. आणि मार्व्हलने उलट दावा केला होता की तुम्ही कॉनमधे घोस्ट रायडरची पोस्टरं, कार्डं वगैरे आमच्या परवानगीशिवाय विकलीत, तर त्यापोटी २०१२ मधे १७,००० डॉलरचा आकडा ठरला, शिवाय अशा वस्तू विकायच्या नाहीत आणि विक्रीसाठी स्वतःला घोस्ट रायडरचा निर्माता म्हणवून घ्यायचं नाही. म्हातारा माणूस, तब्येत बरी नाही, पैसे नाहीत. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या आर्टिस्ट ॲलीत जो तो दुसऱ्याला हेच विचारत होता की आपलं काय? मार्व्हलच्या मोठ्या लोकांनी तेव्हा सांगितलं की कॉनमधल्या स्केचेसवर बंदी आणायचा आमचा कुठलाही विचार नाही, आणि २०१३ मधे वरच्या कोर्टाने खालचा निकाल रद्द केला, मग तडजोड झाली. पण सगळ्यांना एक गोष्ट दिसली ती दिसलीच, की कंपनीच्या मनात आलं आणि चित्रकार भांडायला उभा राहिला तर हेच टेबल त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतं.

माझा सगळा आक्षेप इथे आहे. शेजाऱ्याने फाटक उघडं ठेवलंय म्हणून त्याच्या अंगणातून रोज जाणं वेगळं आणि तिथून जायचा हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला असणं वेगळं. पहिल्यात तुम्ही त्याच्याशी भांडू शकत नाही. जुना चित्रकार रॉयल्टी मागायला, नाव लावा म्हणायला, वकील करायला दहा वेळा विचार करतो, त्यात हासुद्धा एक विचार असतो की टेबल गेलं तर खायचं काय. म्हणजे कंपनी जी मोकळीक देते ती फुकट देत नाही, गप्प बसण्याच्या बदल्यात देते.

आणि कंपनीला हे माहीतच नाही असं तर अजिबात नाही. कोऱ्या कव्हरचे अंक बघितलेत का तुम्ही? मार्व्हल आणि डीसी स्वतः असे अंक छापून विकतात, वर फक्त नाव आणि लोगो, खाली सगळं पांढरं, जाड खरखरीत कागद, कशाला तर चित्रकाराकडून त्यावर काढून घेता यावं म्हणून. त्या कोऱ्या जागेवर काय काढलं जाणार आणि त्याचे पैसे कोण कुणाला देणार हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, त्या विक्रीतला आपला भाग तो घेतोय. मग तेच चित्र कायद्याने धड कुणाचंच नाही हे कसं चालेल? ज्या गोष्टीतून तुम्ही पैसा करता ती लेखी मान्य करा.

ह्यावर जे खरं उत्तर येतं ते ट्रेडमार्कचं, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. पात्र कुणीही काढून विकायला लागलं तर खुणेवरचा ताबा जातो, उद्या कुणी दहा हजार टी-शर्ट छापेल, कंपनीला हात वर करून बसता येत नाही. बरोबर आहे. म्हणून तर मी सगळ्याचा हक्क मागत नाहीये. प्रिंट्स, पोस्टर, टी-शर्ट, मग, ह्यांचं लायसन्स घ्यावं लागलं तर माझी तक्रार नाही, उलट कॉनमधे दुसऱ्याच्या स्टाइलची नक्कल करून शेकड्याने प्रिंट विकणारी जी टेबलं वाढलीयेत त्यांच्यामुळे हाताने काढणाऱ्याचं नुकसानच होतं. मी बोलतोय ते हाताने काढलेल्या, एकाच प्रतीच्या चित्राबद्दल. त्याने ट्रेडमार्क कसा पातळ होणार, ते तर जगात एकच आहे आणि कुणाच्या तरी अभ्यासिकेत फ्रेम करून लावलेलं आहे. कंपनीने एक साधा कलम घालावा, नव्या करारात आणि जुन्या चित्रकारांसाठी वेगळ्या पत्राने, की ज्या पात्रांवर तुम्ही आमच्यासाठी काम केलंय त्यांची एकेकटी मूळ चित्रं तुम्ही हयातभर काढून विकू शकता, आणि ही परवानगी आपल्यात दुसरा कुठलाही वाद असला तरी काढून घेतली जाणार नाही. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. परवाना देऊनही ट्रेडमार्क शाबूत राहतो, उलट परवाना दिला की ताबा जास्त स्पष्ट होतो, हे कुठलाही वकील सांगेल.

ज्याने कंपनीसाठी कधी डूम काढलाच नाही पण सुंदर काढतो, त्याचं काय? त्याच्यावर कुणी कारवाई करावी असं मला मुळीच वाटत नाही, आजवर चाललंय तसं चालू राहावं. पण हक्क म्हणून आधी कुणाचा विचार व्हावा तर ज्यांनी पात्र घडवलं त्यांचा.

आणि आता आपलं स्वतःचं बघू, म्हणजे कौतुक करणाऱ्यांचं. कमिशन दाखवताना नाव कुणाचं लावतो आपण? बहुतेक वेळा फक्त पेन्सिलरचं. इंकरचं नाव राहून जातं, आणि डूमसारख्या पात्रात तर अर्धं चित्र इंकरचं असतं, ते पोलाद चकाकतं ते शाईने, पेन्सिलीत तिथे नुसती कडा आणि आत एक लहानशी फुली असते की हा भाग काळा भर. किती काळा, कडेला ब्रश किती सुका, उजेडाची रेघ कुठे तोडायची, हे ठरवतो तो इंकर. जो सिनॉट २०२० मधे त्र्याण्णवाव्या वर्षी गेला तोवर लोक त्याच्याकडून शाई करून घ्यायला रांग लावत होते, ते उगाच नाही. मग चित्र पुढे पाठवताना सही कापली जाते, चौकोनात बसत नाही म्हणून, आणि दोन-चार वेळा हात बदलले की ते फक्त एक छान डूम उरतं, कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. ज्या धंद्यात नाव लागावं म्हणून माणसं कोर्टात मेली तिथे आपण एका कापाकापीत नाव घालवतो हे मला पटत नाही.

मशीनने, म्हणजे एआयने, बनवलेल्या चित्रांचंही ह्याच ओघात आलं. कर्बीसारखा डूम दे म्हटलं की काही सेकंदात येतो आणि लोक त्यालाही वा म्हणतात. त्या मशीनला शिकवायला हीच सगळी पानं गेली आहेत, पेन्सिलरला पहिल्यांदा पानाच्या दरावर फसवलं, आता पानाचा दरसुद्धा नाही. माझं मत ठाम आहे की कमिशनच्या कौतुकात ह्याला जागा देऊ नये, कारण तिथे ज्याला पैसे पोचायला हवेत असा माणूसच नाही. नीट बघाल तर बोटं कळतात, रिव्हेट मोजायला गेलात तर जमत नाहीत, पण उद्या ते सुधारेलही, मुद्दा तो नाहीच.

आपल्या लोकांचाही ह्या गोष्टीशी खराखुरा संबंध आहे. हिंदीतला नागराज १९८६ मधे राज कॉमिक्सकडून आला तेव्हा त्याला रूप देणारे प्रताप मुळीक पुण्याचे, अमर चित्र कथेतून उभ्या महाराष्ट्राला माहीत असलेला हात. पुढे संजय अष्टपुत्रे, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी राज कॉमिक्सच्या पानांवर काम केलं. नागराजचे चाहते आज देशभर आहेत, मोठ्या पगारावर आहेत, जुने अंक दामदुप्पट भावाने घेतात, पण ह्या चित्रकारांच्या हातची चित्रं काढून घेऊन भिंतीवर लावायची पद्धत आपल्याकडे तितकीशी रुजली नाही आणि मूळ पानांचं काय झालं हे विचारायचीही नाही. अमेरिकेत चाहत्यांनी निदान एक बाजार उभा केला ज्यात चित्रकाराला पैसे मिळतात. आपल्याकडे तोही मोठासा झाला नाही ह्याचं वाईट वाटतं.

गंमत म्हणजे कायद्याच्या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. सीक्रेट वॉर्सच्या आठव्या अंकातलं माइक झेकच्या पेन्सिलचं एक पान, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं, जानेवारी २०२२ मधे ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. अमेरिकन कायद्यात अशा फेरविक्रीत चित्रकाराला वाटा द्यायची कुठलीही सक्ती नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ मधे तसा कायदा केला होता, तोही कोर्टाने जवळपास सगळा काढून टाकला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मधे ५३-अ कलम घातलं, त्यात मूळ चित्राची किंवा रेखाटनाची फेरविक्री १०,००० रुपयांच्या वर झाली तर चित्रकाराला, तो पहिला हक्कदार असेल तर, त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. वापर फारसा होत नाही ते वेगळं. पण त्यामागचा विचार अगदी योग्य आहे, आणि कमिशन विकणाऱ्यांनी तो कायद्याची वाट न बघता उचलावा असं माझं म्हणणं आहे. चारशे डॉलरला काढून घेतलेला डूम, सिनेमाची घोषणा झाली आणि भाव वाढला म्हणून कुणी दोन हजाराला विकला, तर त्यातले दोनशे त्या चित्रकाराला किंवा त्याच्या घरच्यांना पाठवावेत. रॉबर्ट डाउनी ज्युनियर सिनेमात डूम होणार हे २०२४ च्या जुलैत सॅन डिएगोला जाहीर झालं तेव्हापासून डूमच्या प्रत्येक गोष्टीला मागणी चढलीच आहे, त्यामुळे ही वेळ बऱ्याच जणांवर येणार आहे. पत्ता शोधायला लागत नाही, ज्याच्याकडून चित्र घेतलं त्याचा नंबर तुमच्याकडे असतोच.